गणपतीच्या पानावर मान्योक

आमच्या घराला पुढे एक दार होतं, पण त्या दारानं पोस्टमन आणि लग्नाचं बोलावणं घेऊन येणारी माणसं तेवढी यायची. बाकी सगळं गाव मागून यायचं, कारण मागे भट्टी होती. काळ्या दगडांच्या ओट्यावर लाल मातीची घुमटी, तिच्या तोंडाला लावायला एक पत्रा आणि पत्र्याला टेकवायला एक धोंडा. आई तिला क्रिओल बोलणाऱ्या शेजाऱ्यांसारखं 'फूर' म्हणायची, आत्या 'भट्टी' म्हणायची आणि बापू नाव न घेता 'तुझं ते' म्हणायचे. दर शनिवारी सकाळी आई आत सुरूची लाकडं पेटवायची. निखारे पडले की ते बाहेर ओढून ओल्या झाडूनं तळ पुसायची आणि उघडा हात कोपरापर्यंत आत घालून उभी राहायची. हात किती वेळ सोसतो यावरून भट्टी तयार आहे की नाही हे तिला कळायचं. मग दिपें, म्हणजे आपले पाव, लांब फळीवरून एकेक करून आत सरकायचे. हे सगळं तिला शेजारच्या म्हाताऱ्या मादाम रोझनं शिकवलं होतं. तिच्या अंगणातली भट्टी मोडली तेव्हा तिनं आईला सांगितलं होतं की तू बांध, मी बसून दाखवते. बापूंच्या मते पाव हे मराठी माणसाचं अन्न नव्हतं, पण शनिवारी पहिला गरम पाव त्यांच्याच ताटात पडायचा आणि ते तो आवाज न करता खायचे.

आमची जागा बेटाच्या दक्षिणेला, शमें ग्रेनिए गावाच्या वरच्या अंगाला होती. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला ओढा. घरात आम्ही चौघं: आई, बापू, बापूंची विधवा बहीण तुळसाआत्या आणि मी. बापू साखर कारखान्याच्या मळ्यावर उसाच्या कामाला जायचे आणि परत येऊन स्वतःच्या जागेत पुन्हा कुदळ घ्यायचे. आत्याचं राज्य ओसरीवर होतं. ती वाकवाची पानं विणायची. वाकवा म्हणजे केवड्याच्या जातीचं झाड, लांब हिरव्या पट्ट्यांसारखी पानं, दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेला काटे. ती पानं कापायची, काटे सोलून काढायचे, उन्हात पांढरी करायची, सुरीच्या पाठीनं ओढून मऊ करायची, तेव्हा कुठे ती हातात घ्यायच्या लायकीची व्हायची. आत्या त्यातून चटया आणि बाजाराच्या पिशव्या विणायची. त्या पिशवीला आम्ही 'तांत' म्हणायचो, आणि आत्याची तांत ओळखायला तिच्या सहीची गरज नव्हती, कारण तिची कड कधी वाकडी गेली नाही. माझी जायची. मग ती दुपारभराचं माझं विणकाम उसवून माझ्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "हं, आता पुन्यांदा. घाई कुनाला हाय? नवऱ्याला? तो अजून यायचा हाय."

घराच्या मागे ओढ्यापर्यंत आईची बाग. बाग म्हणजे फुलं नव्हेत; फुलं होती, पण कडेकडेनं, जास्वंद आणि झेंडू. मधे वांगी, भोपळा, गवार, पालेभाज्या, पिस्तास म्हणजे भुईमूग, रताळी, कुंपणाला ऊस, न्हाणीघराच्या पाण्यावर केळी आणि अळू. दोन नारळ. अगदी तळाशी, ओढ्याच्या ओलीत, एक अंथरूणभर भाताचा वाफा. आणि उकिरड्यापलीकडे, कुणाच्या डोळ्यांत येणार नाही अशा जागी, मान्योक, जाड मुळांचं एक झुडूप. माझा नातू परवा फोनवर विचारत होता, आजी, तुम्ही गरीब होतात का? मी म्हटलं, बाबा, आम्हाला सवडच नव्हती बघायला. काहीतरी खुरपायचं, वाळत घालायचं, नाहीतर उतू जाणारं उतरवायचं असायचंच.

त्या वाफ्याचं आणि मान्योकचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे पणजोबा कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, या बेटावर आले. मळ्याच्या कांपात, म्हणजे मजुरांच्या वस्तीत, त्यांना साहेबाच्या गोदामातून शिधा मिळे, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या गणपतीचा नैवेद्यही त्याच शिध्यातून होई. ते त्यांना फार लागलं होतं. साहेबाचं आपण खातो ते पोटापायी, देवानं का खावं, असं ते म्हणायचे म्हणे. हा जमिनीचा तुकडा हाती आला त्या वर्षी त्यांनी घराला नियम घालून दिला, की गणपतीच्या पानावर मीठ आणि तेल सोडून बाकी सगळं आपल्या मातीतलं असेल. म्हणून तो भाताचा वाफा. आमचं रोजचं तांदूळ-पीठ चिनी माणसाच्या बुतिकमधून, म्हणजे दुकानातून, यायचं, पण वाफ्यातला तांदूळ फक्त गणपतीचा: थोडा भाताच्या मुदीला, बाकीचा मोदकाला. नारळ आपल्या झाडाचा, गूळ कुंपणाच्या उसाचा, तोही परसात आटवलेला. मान्योकचं मात्र उलटं. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत जहाजं येईनात, तांदूळ मिळेना, तेव्हा सगळ्या बेटानं मान्योकची मुळं खाऊन दिवस काढले. बापू तेव्हा तरुण होते. सकाळी मान्योक, रात्री मान्योक, आणि त्यातच त्यांची आई गेली. लढाई संपली त्या दिवसापासून त्यांनी ते तोंडात घातलं नव्हतं. डुकराचं खाणं, म्हणायचे. आईनं लावलं होतं ते खरोखरच शेजाऱ्यांच्या डुकरासाठी, असं ती सांगायची.

मग तो मोठा सिक्लोन आला. वादळं आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या आणि बसायचं, पण याच्या आवाजानंच आत्या उठून उभी राहिली. आम्ही गावाबरोबर दगडी शाळेत जाऊन बसलो. परत आलो तेव्हा घराच्या भिंती होत्या आणि त्यांच्यावर आकाश होतं. उसाच्या पाचटाचं छप्पर कुठल्या शेतात जाऊन पडलं ते कधीच कळलं नाही. दोन्ही नारळ कमरेत मोडले होते. केळी आडवी झाली होती. ओढ्यानं भाताचा वाफा दगडगोट्यांनी भरून टाकला होता, आणि बियाणाचं गाडगं छपराबरोबर गेलं होतं. भट्टीला वरपासून खालपर्यंत तडा. आई सगळीकडे फिरून आली, भट्टीपाशी थांबली, तड्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "आतून शाबूत हाय." त्या दिवसातलं तेवढंच एक चांगलं वाक्य मला आठवतं.

आठवड्याभरात बापूंचे चुलतभाऊ धोंडूकाका राजधानीतून, पोर्लुईहून, आले. ते बंदरावर कामाला होते. बापूंना तिथल्या गोदामात लावून देतो म्हणाले, आणि त्यांच्या शेजारचंच घर रिकामं होतं. "वयनी, सिमेंटचं घर हाय. कसला पन सिक्लोन येऊ दे, हलायचं न्हाय."

आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. "घर हलायचं न्हाय, ते कळलं. मागं जागा किती हाय?"

"मागं?" काका गोंधळले. "मागं दुसऱ्याचं घर हाय."

"आन् पुढं?"

"पुढं रस्ता."

आई हसली, पण तिच्या हसण्यात हसू नव्हतं. बापू म्हणाले, "नारळ गेला, भात गेला, छप्पर गेलं. हितं आता काय ऱ्हायलंय, सांग बघू?"

"जमीन ऱ्हायली," आई म्हणाली. "अवो, माजं ऐका. गनपती येऊ द्या. पान भरलं पायजे, आपल्याच मातीचं, आजोबांनी सांगून ठेवलंय तसं. भरलं तर ऱ्हायचं. न्हाय भरलं तर मी सोता पेटी भरते, तुमी एक सबूद बोलायचा न्हाय."

बापूंनी अंगणातल्या मोडक्या नारळांकडे पाहिलं. नारळाशिवाय आणि तांदळाशिवाय मोदक होत नाही हे त्यांना माहीत होतं, आईलाही माहीत होतं. "बरं," ते म्हणाले. काका खूश होऊन गेले. आईनं त्याच संध्याकाळी कपड्यांची पत्र्याची पेटी खोलीच्या मधोमध आणून उघडी ठेवली, आणि ती तशीच राहिली. येता-जाता आमचे पाय तिला लागायचे. मला पोर्लुईला जायचं नव्हतं. मी एकदा तिथे गेले होते आणि मला तिथे मातीचा वास आला नव्हता, एवढंच माझं कारण होतं, पण ते माझ्यापुरतं पुरेसं होतं.

नंतरच्या महिन्यांत आम्ही जे राबलो त्याला तोड नाही. बापूंनी छपरावर कारखान्यातले जुने पत्रे घातले, जाणारच आहोत तर कशाला असं पुटपुटत, पण घातले नीट. आई आणि मी ओढ्याकाठची लाल माती, शेण आणि उसाची चिपाडं पायांनी तुडवून भट्टीचा तडा लिंपला. ओली असताना तिच्यात रोज थोडा थोडा जाळ करायचा, घाई केली की पुन्हा फाटते. केळीच्या बुंध्यातून नवे कोंब आले. वांगी, गवार, भोपळा, सगळं पुन्हा पेरलं. पिस्तास लावले. वाफ्यातले दगड मी आणि आत्यानं उचलले, पण बियाणंच नव्हतं, तेव्हा आईनं तिथे मका टोचला. बापू ते बघून म्हणाले, "मुदीला मक्याच्या कन्या चालतील. मोदकाचं काय?" आई म्हणाली, "बघू." तिचं 'बघू' म्हणजे तिनं बघून झालेलं असायचं.

उकिरड्यापलीकडे मान्योकचे शेंडे वादळानं मोडले होते, पण त्यांना पुन्हा पालवी फुटली होती. एके दिवशी आईनं एक झुडूप धरून ओढलं, आणि खालून मनगटाएवढी मुळं बाहेर आली, जशीच्या तशी. आम्ही दोघी बघत राहिलो. तेव्हापासून माझ्या बोटांची सालं शाबूत राहिली नाहीत. मुळं सोलायची, खिळ्यानं भोकं पाडलेल्या पत्र्यावर किसायची, कीस वाकवाच्या पिशवीत भरून वर धोंडा ठेवायचा आणि पाणी निथळू द्यायचं, मग चटईवर पसरून उन्हात वाळवायचं, कुटायचं आणि चाळायचं. चटया मी विणल्या. घट्ट विणाव्या लागत, नाहीतर पीठ फटीतून खाली जाई. पहिली चटई आत्यानं उसवली. दुसरीही उसवली. तिसरी तिनं उन्हाकडे धरून पाहिली, उजेड कुठून येतो का ते, आणि मुकाट्यानं अंगणात पसरली. मला आयुष्यात पुढे बक्षिसं मिळाली, बैठकेच्या, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या, शाळेत हे शुद्ध मराठी शिकले तेव्हा शालही मिळाली, पण त्या चटईएवढा आनंद कशाचा झाला नाही.

बापूंना ते पांढरं पीठ दिसत नव्हतं असं नाही. रोज संध्याकाळी ते त्या चटयांना वळसा घालून घरात येत. विचारलं असतं तर आईनं सांगितलं असतं, म्हणून ते विचारत नव्हते.

आमचं बेट विषुववृत्ताच्या खाली, म्हणून आमच्याकडे गणपती थंडीत येतो. बापूंनी दरवर्षीसारखी ओढ्याची चिकणमाती आणून मूर्ती केली आणि सकाळी आंघोळ करून पाटावर बसवली. जास्वंद होती, दूर्वा होत्या, भाज्या शिजत होत्या, मक्याच्या कण्या फुलल्या होत्या. आईनं मान्योकच्या पिठात उकडलेलं रताळं मळून पारी केली, आत भाजलेल्या पिस्तासचं कूट आणि गूळ भरला, सुबक कळ्या पाडल्या आणि मोदकपात्र चुलीवर ठेवलं. झाकण काढलं तेव्हा आत मोदक नव्हते. कळ्या विरघळल्या होत्या, सगळ्यांचा मिळून एक चिकट, काचेसारखा गोळा झाला होता. आत्या म्हणाली, "अयो!" इतके महिने किसलं, वाळवलं, कुटलं, आणि आता ही खळ. मी खोलीतल्या पेटीकडे पाहिलं आणि मला रडू फुटलं.

आई रडली नाही. तिनं पात्र खाली उतरवलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "शेवंते, डोळं पूस आन् लाकडं आन."

"कशाला?"

"फूर पेटव."

उरलेल्या पिठाचे मोदक तिनं पुन्हा वळले, या वेळी पारी थोडी जाड ठेवून. मी भट्टी पेटवली, निखारे ओढले, तळ पुसला. तिनं हात आत घालून पाहिला आणि म्हणाली, "आता तू घाल." मी घातला. तोवर मला कधी घालू दिला नव्हता. केस जळाल्याचा वास येईपर्यंत मी हात ठेवला आणि म्हटलं, "झाली." मोदक केळीच्या पानावर ठेवून आत सरकवले आणि पत्रा लावला. थोड्या वेळानं गुळाचा आणि पिस्तासचा खमंग वास सुटला, आणि तो वास बापूंना ओसरीवरून मागे घेऊन आला. आईनं पत्रा काढला. मोदक उभे होते, कळ्यांसकट, टोकांना तांबूस.

बापूंनी एकदा मोदकांकडे आणि एकदा चाळणीतल्या पिठाकडे पाहिलं. "मान्योक," ते म्हणाले. मग आवाज चढला. त्यांचा आवाज चढलेला मी क्वचितच ऐकला होता. "गनपतीच्या पानावर मान्योक? डुकराचं खानं? आन् त्ये बी पावाच्या भट्टीत भाजून? लाज न्हाय वाटत?"

"न्हाय," आई म्हणाली. तिचे हात पिठानं भरलेले होते, ते तिनं पुसलेसुद्धा नाहीत. "कसली लाज? सिक्लोन आला, नारळ पडला, केळ पडली, तुमचा भात गेला. ह्यो एकटा जमिनीत बसून ऱ्हायला. लढाईत बी ह्योच ऱ्हायला. तुमी जगला कशावर? तुमच्या आईनं सोताचं तुमच्या ताटात घातलं ते काय व्हतं? अवो, जो आपल्याला सोडून गेला न्हाय, त्याला पानावर बसवायचं न्हाय, तर कुनाला बसवायचं?"

भट्टीतून अजून धग येत होती. मला वाटलं आत्या आता नियम काढणार. घरातले सगळे नियम तिच्याच तोंडात असायचे. तिनं काढलाच. "दादा, आजा म्हनला व्हता, आपल्या मातीचं पायजे. तांदळाचं पायजे असं कुटं म्हनला?" आणि एवढं बोलून ती पानं पुसायला निघून गेली.

नैवेद्य दाखवला. आरती झाली. आमच्या घरात आरती म्हणजे बापूंचा आवाज आणि बाकीच्यांचे टाळ, पण त्या दिवशी ते मधेच दोनदा थांबले आणि आत्यानं ओळ उचलून धरली. मग आईनं प्रसाद वाटला. शेवटी बापूंपुढे आली आणि मोदक पुढे केला. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. भूक नसली तरी, पथ्य असलं तरी, रागावलेलो असलो तरी, हात पुढे करावाच लागतो. बापूंनी उजवा हात पुढे केला, मोदक कपाळाला लावला आणि खाल्ला. बाहेरून खुसखुशीत झाला होता, चावताना आवाज आला. ते हळूहळू चावत राहिले, गणपतीकडे बघत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. "आईच्या हातचं असं न्हवतं," ते म्हणाले. "आई निस्तं उकडून द्यायची. मिठाबिगर." मग त्यांनी दुसरा मोदक स्वतःच्या हातानं घेतला.

पण राहायचं की जायचं ते बोलले नाहीत. आईनंही विचारलं नाही. पेटी तशीच उघडी होती. खूप वर्षांनी मुंबईहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी मला सांगितलं की तिकडे उपासाला जो साबुदाणा खातात तो याच मुळांचा करतात. मी इतकी हसले की त्या घाबरल्या. बापू तेव्हा नव्हते, नाहीतर त्यांना मी सांगितलं असतं की तुमच्या डुकराच्या खाण्यावर सगळा महाराष्ट्र एकादशी करतो.

त्या गणपतीच्या दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं. सगळी मराठी घरं मिळून सुरिनाम गावाच्या पुढे समुद्रावर जायची, ढोलकी वाजवत, उसाच्या शेतांमधून. त्या वर्षी आत्याचा गुडघा धरला होता म्हणून आई आणि मी तिच्याजवळ घरीच राहिलो, बापू एकटे मूर्ती घेऊन गेले. मूर्ती बोळवली की रिकाम्या पाटावर तिथली मूठभर वाळू ठेवून आणायची आणि ती घरात सगळीकडे टाकायची, अशी रीत. आई उंबऱ्यात उभी राहून वाट बघत होती. ऊन उतरलं तेव्हा बापू रस्त्याच्या वळणावर दिसले, पाट दोन्ही हातांत धरलेला. पाटावर काहीतरी मोठं होतं.

जवळ आले तेव्हा दिसलं. वाळू होतीच, आणि वाळूत बसवलेला एक नारळ, सोडणासकट, लाटांनी काळवंडलेला. त्याला वीतभर हिरवा कोंब फुटला होता. समुद्रानं कुठूनतरी आणून टाकलेला.

आईनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं. नारळाकडे पाहिलं, बापूंकडे पाहिलं. मीच विचारलं, "बापू, ह्याला नारळ कधी लागतील?"

"सात-आठ वर्सं तरी," बापू म्हणाले. पाट त्यांनी ओसरीवर ठेवला, आत जाऊन पेटीचं झाकण लावलं, पेटी भिंतीकडे सरकवली आणि कोपऱ्यातली पहार घेऊन मागच्या अंगाला गेले. आम्ही तिघी मागोमाग गेलो, आत्या लंगडत. त्यांनी ओढ्याकडे पाहिलं, वाऱ्याची दिशा पाहिली, उकिरड्यापलीकडची जागा पसंत केली आणि पहार उचलली.

आईनं पदरानं डोळे पुसले. "अवो, तिथं नगा," ती म्हणाली. "तिथं माजं मान्योक हाय."

बापूंनी पहार खांद्यावर टाकली आणि चार पावलं पलीकडे जाऊन खणायला लागले.